बहुमाध्यमी लेखन-स्वाध्याय

लिखित मजकूर, छायाचित्र, रेखाचित्र, नकाशा, ध्वनिमुद्रण व चित्रफीत यांपैकी दोन वा अधिक माध्यमांची सांगड घालून, संगणकाच्या किंवा मोबाइलच्या साहाय्याने विद्यार्थ्याने सिद्ध करावयाच्या रचनेचे जे काम शिक्षक नेमून देतो, त्यास बहुमाध्यमी लेखन-स्वाध्याय म्हणतात. निवेदनासह छायाचित्रमाला, लघुमाहितीपट, नभोवाणीच्या धर्तीवरील श्राव्य कार्यक्रम, अनुदिनी, स्थळांच्या नोंदी असलेला नकाशा व सचित्र विश्वकोशीय नोंद हे त्याचे प्रचलित प्रकार होत. निबंध, पत्र, सारांश यांसारख्या रूढ लेखनप्रकारांहून त्याचे वेगळेपण केवळ साधनांत नसते. निबंधलेखकाला शब्दांची निवड व क्रम ठरवावा लागतो. बहुमाध्यमी रचनेत त्याआधीच कोणता आशय सांगावा, कोणता दाखवावा व कोणता ऐकवावा, हा निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय विद्यार्थ्याला स्वतः व सकारण घ्यावा लागेल, अशी योजना करणे हे अशा स्वाध्यायाच्या आखणीचे मुख्य सूत्र होय. ते सुटले, तर इतरत्र सापडलेल्या मजकुराची व चित्रांची जुळवाजुळव एवढेच स्वाध्यायात शिल्लक राहते.

पूर्वपीठिका : चित्र व शब्द यांच्या संयोगातून कथन करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी कलावंत पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा गातात. त्यात चित्र स्थिर राहते व कथेला गती येते ती आवाजामुळे. दोहोंची कामे वेगळी असतात. शालेय हस्तलिखित व भित्तिपत्रक ही प्रस्तुत स्वाध्यायाची अधिक जवळची पूर्वरूपे होत. साने गुरुजींनी अमळनेर येथे चालविलेले छात्रालय दैनिक हस्तलिखितच होते. लेख, हाताने काढलेली चित्रे व सुलेखन एकत्र बांधलेले हस्तलिखित हे शिक्षकाने तपासून परत करावयाच्या वहीहून भिन्न असते; कारण त्याला शिक्षकाखेरीज अन्य वाचक असतो. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ मध्ये ग्रामीण शाळेच्या वर्गात छपाईयंत्र आणले आणि मुलांनी लिहिलेला व मुलांनीच जुळविलेला मजकूर दूरच्या शाळांकडे पाठविण्याची प्रथा पाडली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रेबन गॅप येथील विद्यार्थ्यांनी १९६६ मध्ये फॉक्सफायर हे नियतकालिक सुरू केले. परिसरातील वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून व त्यांच्या कामांची छायाचित्रे घेऊन त्यांनी डोंगराळ भागातील लोकजीवनाची नोंद केली.

ध्वनी व चित्र यांचे संपादन घरगुती संगणकावर करणे १९९० नंतरच्या दशकात शक्य झाले. सॅन फ्रॅन्सिस्को परिसरात जो लँबर्ट, डेना ॲचली प्रभृतींनी १९९४ च्या सुमारास सामान्य माणसांकडून दोन-तीन मिनिटांच्या ध्वनिचित्रकथा करवून घेणाऱ्या कार्यशाळा सुरू केल्या. न्यू लंडन गट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दहा अभ्यासकांनी १९९६ मध्ये बहुविध साक्षरतेची संकल्पना मांडली. वाचन-लेखनाच्या शिक्षणात शब्दांबरोबर दृश्य, श्राव्य व अवकाशीय रचनांनाही स्थान असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्रात शैक्षणिक दृक्‌श्राव्य साहित्याची निर्मिती करण्यासाठी पुणे येथे १९८४ मध्ये बालचित्रवाणी ही संस्था स्थापन झाली. २०१७ मध्ये ती बंद झाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून ध्वनी व चित्रफिती मुलांपर्यंत पोहोचविल्या. त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापण्यात आले. या उपक्रमांत प्रामुख्याने विद्यार्थी हा साहित्याचा ग्राहक आहे. लेखन-स्वाध्यायात तो निर्माता असतो. इयत्ता अकरावीच्या मराठी युवकभारती या २०१९ च्या पाठ्यपुस्तकात उपयोजित मराठीच्या विभागात सूत्रसंचालन, अनुदिनी-लेखन व नभोवाणी-निवेदन यांचा समावेश झाला, ही त्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

तत्त्वे : प्रत्येक माध्यमाच्या शक्ती व मर्यादा भिन्न असतात. लेखन व भाषण काळाच्या क्रमाने उलगडते, तर चित्र अवकाशात मांडलेले असून एकाच वेळी समग्र दिसते, हा भेद गुंथर क्रेस यांनी विशद केला आहे. प्रसंगांची परंपरा व कार्यकारणभाव शब्दांत चांगला मांडता येतो. स्थळांचे परस्परसंबंध नकाशात, वस्तूचा आकार व पोत छायाचित्रात आणि बोलीचे हेल, गाण्याची चाल व भावनेचा कंप ध्वनिमुद्रणात उतरतात.

दुसरा भेद निश्चितीविषयी आहे. ‘असे म्हणतात’, ‘बहुधा’, ‘याविषयी मतभेद आहेत’ यांसारखी विधाने भाषेला सहज करता येतात. चित्राला ती करता येत नाहीत. एखाद्या दंतकथेचे चित्र काढले किंवा तिचे दृश्य चित्रित केले, की ती घडलेल्या घटनेइतकीच खरी भासते. म्हणून बहुमाध्यमी रचनेत शब्दांचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. चित्राखालील ओळ, निवेदनातील एखादे क्रियाविशेषण व आधाराचा निर्देश यांवर रचनेची सत्यनिष्ठा अवलंबून राहते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांनी प्रयोगांच्या आधारे काही नियम मांडले आहेत. केवळ शब्दांपेक्षा शब्द व समर्पक चित्र यांच्या जोडीने आकलन चांगले होते. मात्र विषयाशी असंबद्ध चित्रे व पार्श्वसंगीत यांनी ते मंदावते. निवेदनातील वाक्येच्या वाक्ये पडद्यावर पुन्हा छापल्यानेही लक्ष विभागले जाते. श्रवणदोष असलेल्यांसाठी द्यावयाची उपशीर्षके व अपरिचित बोलीतील ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर यांची गरज मात्र वेगळी असून ती टाळता येत नाही.

आखणी : स्वाध्याय आखताना प्रथम अध्ययनाचे उद्दिष्ट, रचनेचा वाचक वा श्रोता, तिचे प्रयोजन व मर्यादा ही निश्चित करावी लागतात. ‘अमुक विषयावर चित्रफीत तयार करा’ ही सूचना अपुरी असते, कारण तीत साधन सांगितलेले असते, पण प्रश्न विचारलेला नसतो. प्रश्न असा असावा, की त्याचे तयार उत्तर एकाच ठिकाणी मिळू नये. मजकूर व चित्रे निर्माण करणाऱ्या संगणक-प्रणाली २०२२ च्या अखेरीपासून सर्वांना उपलब्ध झाल्याने या अटीचे महत्त्व अधिकच वाढले आहे. सर्वसाधारण माहितीचा नीटनेटका निबंध अशी प्रणाली क्षणात देते. विशिष्ट गावातील विशिष्ट व्यक्तीशी विद्यार्थ्याने केलेले संभाषण मात्र तिला पुरविता येत नाही.

काम टप्प्यांत विभागणे आवश्यक असते. प्रश्नाची निवड, साधनांचा शोध व क्षेत्रभेट, टिपणे, दृश्यांच्या चौकटींचा कागदावरील आराखडा, निवेदनाची संहिता, ध्वनिमुद्रण व चित्रण, संपादन, सहाध्यायींचे परीक्षण व अंतिम सादरीकरण असा सामान्य क्रम आहे. यांपैकी आराखडा व संहिता यांची तपासणी चित्रणापूर्वीच व्हावी लागते. चित्रण झाल्यावर विद्यार्थी आशयाऐवजी तांत्रिक सफाईत गुंततो आणि चुकीचे विधान बदलण्यास सहसा तयार होत नाही. लांबीवरील मर्यादाही उपकारक ठरते. तीन मिनिटांच्या निवेदनाला साधारणपणे तीनशे ते साडेतीनशे शब्द पुरतात. तेवढ्यात आशय बसविताना काय गाळावे, याचा विचार करणे भाग पडते.

उमरठचे उदाहरण : वरील आखणी रायगड जिल्ह्यातील एका स्थळाच्या आधारे स्पष्ट करता येईल. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून प्रसिद्ध असून तेथे त्यांची समाधी आहे. पुरंदरच्या तहाने (१६६५) मोगलांकडे गेलेला कोंढाणा किल्ला ४ फेब्रुवारी १६७० रोजी मराठ्यांनी परत घेतला. त्या लढाईत तानाजी व मोगल किल्लेदार उदयभान हे दोघेही मारले गेले. तानाजींचा देह ज्या वाटेने उमरठला आणला गेला, तो मढे घाट होय, असे परंपरा सांगते. घाटाच्या नावाची व्युत्पत्तीही लोक ‘मढे’ या शब्दापासूनच लावतात.

‘तानाजी मालुसरे यांची माहिती सचित्र सादर करा’ असा स्वाध्याय दिल्यास बहुतेक रचना एकसारख्या होतील, हे उघड आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे प्रश्न देता येईल : ‘उमरठ येथे तानाजींची स्मृती कोणत्या रूपांत जपली गेली आहे? तिचा कोणता भाग बखरीतून, कोणता पोवाड्यातून व कोणता गावच्या परंपरेतून आला आहे? दुसऱ्या जिल्ह्यातील इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना तीन मिनिटांच्या ध्वनिचित्ररचनेतून हे समजावून सांगा.’ या प्रश्नात वाचक, मर्यादा व विचाराची दिशा स्पष्ट आहे. उत्तर मात्र विद्यार्थ्याने शोधावयाचे आहे.

साधनांची तुलना सुरू होताच अडचणी पुढे येतात. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची सर्वश्रुत कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात येते; सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत मावळे कडा चढून गेल्याचे वर्णन आहे, पण घोरपड नाही. तानाजींच्या मृत्यूनंतर किल्ल्याला सिंहगड हे नाव मिळाले, अशी समजूत रूढ आहे; तथापि ते नाव १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारातही आढळते. हरी नारायण आपटे यांची गड आला पण सिंह गेला ही कादंबरी, बाबूराव पेंटर यांचा सिंहगड (१९२३) हा मूकपट व २०२० चा हिंदी चित्रपट यांनी या प्रसंगाची दृश्ये पिढ्यान्‌पिढ्या लोकमनात रुजविली. महाजालावर तानाजींचे नाव शोधणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रथम चित्रपटातील दृश्ये येण्याचा संभव मोठा असतो. ती जशीच्या तशी वापरल्यास अभिनेत्याचा चेहरा हाच इतिहासपुरुषाचा चेहरा बनतो आणि उमरठ हे गाव रचनेतून नाहीसे होते.

येथे माध्यमांचे काम वाटून देणे हाच अभ्यास ठरतो. समाधीचे वर्तमान रूप छायाचित्राने दाखवावे, कारण ते पाहता येते. सिंहगड, मढे घाट व उमरठ यांचा संबंध विद्यार्थ्याने स्वतः काढलेल्या नकाशाने स्पष्ट करावा आणि परंपरेने सांगितलेली वाट तुटक रेषेने दाखवून तसा खुलासा करावा. गावातील जाणत्या व्यक्तीची आठवण तिच्याच आवाजात, तिच्याच बोलीत ऐकवावी. ती प्रमाण भाषेत पुन्हा लिहून काढल्यास तिची साक्ष दुबळी होते. घोरपडीची कथा पोवाड्याचा निर्देश करून गायनातून द्यावी व बखरीतील मौन निवेदनात शब्दांनी नोंदवावे. घोरपडीचे चित्र दाखवायचेच असेल, तर ‘पोवाड्यातील कथा’ असे शब्द त्याच चौकटीत असले पाहिजेत. परंपरेची चिकित्सा म्हणजे परंपरेचा अधिक्षेप नव्हे, हेही अशा कामातून शिकता येते. गावाने साडेतीन शतके एखादी आठवण जपली, हे स्वतःच एक ऐतिहासिक तथ्य आहे. तिच्यातील प्रत्येक तपशील तथ्य असेलच असे नाही.

याच परिसरात इतर विषयही आहेत. महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयी (२० मार्च १९२७) वृत्तपत्रे, भाषणे व न्यायालयीन निकाल अशी लिखित साधने विपुल असल्याने तेथे कागदपत्रांचे वाचन व कालपट यांना प्राधान्य द्यावे लागते. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. अशा विषयात डोंगरउतार, पर्जन्य व वस्तीचे स्थान यांच्या आकृत्या उपयुक्त ठरतात. शोकग्रस्त कुटुंबांपुढे कॅमेरा धरण्याचे काम मात्र विद्यार्थ्यांवर सोपवू नये.

मूल्यमापन : निकष आरंभीच लेखी सांगणे इष्ट असते. नमुन्यादाखल शंभरपैकी आशयाची अचूकता व आधार यांना ३०, माध्यमांची निवड व परस्परसंबंध यांना २५, संहिता व भाषा यांना २५, श्रेयनिर्देश व संमती यांना १० आणि आत्मपरीक्षणाच्या टिपणास १० असे गुण ठेवता येतील. या टिपणात विद्यार्थ्याने निवडीची कारणे द्यावयाची असतात : अमुक ठिकाणी छायाचित्र का, संगीत का गाळले, कोणते विधान पुराव्याअभावी सोडले. दृश्य झगमगाटाला स्वतंत्र गुण ठेवल्यास महागडे साधन असलेल्या विद्यार्थ्याला अकारण लाभ मिळतो. ध्वनी ऐकू येणे व अक्षरे वाचता येणे एवढी तांत्रिक अपेक्षा पुरेशी असते.

साधने व भाषा : डोंगराळ भागात जोडणी अखंड मिळेलच असे नाही व प्रत्येक विद्यार्थ्याकडे मोबाइल असतोच असे नाही. म्हणून तीन ते पाच विद्यार्थ्यांच्या गटाला एक साधन पुरेल, चित्रण व संपादन जोडणीविना करता येईल आणि आराखडा व संहिता कागदावर होईल, अशी योजना करावी. गटात निवेदन, लेखन व चित्रण ही कामे आळीपाळीने न दिल्यास साधनाचा मालकच कर्ता होतो व इतर प्रेक्षक राहतात. देवनागरी मजकूर युनिकोड पद्धतीने टंकित करणे आवश्यक आहे. जुन्या टंकांतील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडल्यास अनेकदा निरर्थक चिन्हे दिसतात व त्यात शोध घेता येत नाही. बोलून टंकित केलेल्या मजकुरात स्थलनामे व बोलीतील शब्द चुकण्याचा संभव असल्याने त्याचे मुद्रितशोधन विद्यार्थ्यानेच करावे.

हक्क व संमती : भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ अनुसार साहित्यकृतीवरील हक्क सामान्यतः लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. शिकविण्याच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थ्याने केलेल्या वापराला अधिनियमात सूट आहे; तीच रचना आंतरजालावर सर्वांना खुली केल्यास ती सूट लागू पडेलच असे नाही. पोवाडा शेकडो वर्षांचा असला, तरी आजच्या शाहिराने तो गायला असता त्या गायनावर कलावंताचे स्वतंत्र हक्क असतात. स्वतः काढलेली छायाचित्रे किंवा क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या खुल्या परवान्यांतील साहित्य श्रेयनिर्देशासह वापरणे हा सुरक्षित मार्ग होय. मुलाखत देणाऱ्याला ध्वनिमुद्रण कोठे ऐकविले जाणार हे सांगून त्याची संमती घ्यावी. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ यात अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद असल्याने मुलांचे चेहरे व नावे प्रसिद्ध करताना विशेष काळजी घ्यावी लागते.

अनुभव : अशा स्वाध्यायांच्या यशापयशाची दोन उदाहरणे महाराष्ट्रात मिळतात. विकिमीडिया प्रतिष्ठानाने २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियावरील लेखन हा अभ्यासाचा भाग करण्याचा प्रयोग केला. विद्यार्थ्यांची संख्या मोठी व मार्गदर्शन अपुरे असल्याने अनेकांनी पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील मजकूर उतरवून घातला. तो काढून टाकण्याचे काम विकिपीडियाच्या स्वयंसेवकांवर पडले आणि प्रयोग थांबवावा लागला. वाचक खरा असणे एवढ्यानेच स्वाध्याय सफल होत नाही. आपल्या शब्दांत लिहिणे व आधार देणे ही कौशल्ये आधी शिकवावी लागतात, हा त्यातील धडा होय.

याउलट हेमा राईरकर व गी प्वात्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पारी या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात त्या २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यात ओवी ऐकता येते, तिचा मराठी पाठ व अनुवाद वाचता येतो आणि गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव व छायाचित्रही आढळते. हा संग्रह शालेय स्वाध्याय नव्हे. पण आवाज, अक्षर व चित्र यांनी आपापले काम करावे आणि श्रेय मूळ व्यक्तीला मिळावे, याचा तो आदर्श नमुना आहे. याच संस्थेच्या शैक्षणिक विभागामार्फत विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरात जाऊन केलेली वार्तांकनेही प्रसिद्ध होतात.

बहुमाध्यमी स्वाध्यायाला वेळ अधिक लागतो, शिक्षकावर तपासणीचा भार पडतो व लेखी परीक्षेच्या चौकटीत तो सहज बसत नाही. म्हणून वर्षातून एक-दोनच स्वाध्याय द्यावेत व ते पूर्णत्वास न्यावेत, हे श्रेयस्कर. पूर्ण झालेल्या रचनेची एक प्रत शाळेत व एक प्रत ज्या गावाने माहिती दिली तेथे ठेवल्यास तिला पहिला जाणकार परीक्षक गावातच मिळतो. स्थळनाव चुकले, नाते उलटे सांगितले किंवा ऐकीव गोष्ट निश्चित म्हणून मांडली, तर ते त्याच्या तत्काळ लक्षात येते.